दोन रेघांचा कोबा

आभाचा वॉकर स्वयंपाकघरात थांबला, तिथून सगळं सुरू झालं.

आभा म्हणजे तुळशीरामची नात, अकरा महिन्यांची. बेलपाड्याच्या त्या घरात तिला वॉकरमध्ये बसवलं की पाय न हलवताही ती निघायची. मधल्या खोलीत सोडली की सरळ देवाच्या कोपऱ्यात, पडवीत सोडली की दारात. घर पस्तीस वर्षांचं, तुळशीरामने स्वतःच्या हाताने बांधलेलं. खालची भरणी खाडीच्या मातीची होती. ती दबत गेली आणि वरचा सिमेंटचा कोबा कुठे खचला, कुठे तडकला, कुठे आतून पोकळ झाला. तुळशीरामने अर्ध्या पनवेल तालुक्यात लोकांच्या जमिनी सरळ करून दिल्या होत्या. गवंड्याच्याच घराची जमीन अशी, म्हणून गाव हसायचं. तोही हसायचा. "दुसऱ्यांची करता करता राहिली," म्हणायचा.

"बाबा, इकडे या जरा," रंजिताने हाक मारली. रंजिता त्याची सून, कामोठ्याची. "हे बघा. इथे हिचा वॉकर जातच नाही कुठे. मी दोनदा सोडून बघितला."

ओट्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात वॉकर उभा होता. आभा त्यात बसून चमचा चावत होती. कितीतरी वर्षं त्या कोपऱ्यात तांदळाची दोन पिंपं शेजारी शेजारी उभी होती. आता तांदूळ दहा किलोच्या पिशवीतून येई, म्हणून गेल्याच आठवड्यात रंजिताने पिंपं काढून टाकली होती.

तुळशीरामने आभाला उचलून सुनेकडे दिलं आणि तांब्यातलं थोडं पाणी जमिनीवर ओतलं. पाणी जागच्या जागी पसरलं आणि थांबलं. कुठेच गेलं नाही. मग त्याने गुडघ्यावर बसून ओल्या फडक्याने जमीन पुसली. धूळ निघाली तसा वेगळा रंग दिसला. तीन फूट रुंद, पाच फूट लांब असा एक तुकडा बाकीच्या कोब्यापेक्षा काळसर होता. त्याच्यावर रेघा होत्या. दोन दोन, जोडीने.

तुळशीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कोबा ओला असतो तेव्हा त्याच्यावर सुतळी ताणून दाबतात आणि चौकोन पाडतात. दिसायला बरं दिसतं, आणि तडा गेलाच तर रेघेतून जातो. तुळशीराम एकच रेघ मारायचा. त्याच्या उस्तादाने तेच शिकवलं होतं. त्याच उस्तादाच्या हाताखाली ओवे गावचा काशिराम शिकला, आणि शिकून बाहेर पडल्यावर त्याने दोन रेघा मारायला सुरुवात केली, रेल्वेच्या रुळासारख्या. तीच त्याची सही झाली. ओव्याच्या देवळाचा सभामंडप काशिरामने केला तेव्हा मालूने, तुळशीरामच्या बायकोने, सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "काशीदादाचा कोबा बघा, नुसता आरसा!" मालूचं माहेर ओव्याचंच. काशिराम तिला गावच्या नात्याने भाऊ. पण तुळशीरामला ते शब्द लागले ते लागलेच. त्या दिवसापासून तो काशिरामशी लग्नाकार्यात "काय, बरा हाय ना?" याच्यापुढे बोलला नव्हता.

आणि त्या काशिरामच्या हाताचा कोबा त्याच्या घरात होता. त्याच्या स्वयंपाकघरात. पिंपांच्या खाली, झाकून.

"कोणी केलं हे?" रंजिताने विचारलं.

"मला काय माहीत," तो म्हणाला.

मालूला जाऊन नऊ महिने झाले होते. साधी कावीळ म्हणून दवाखान्यात नेली आणि अकराव्या दिवशी ती गेली. या नऊ महिन्यांत तुळशीरामने तिच्या सगळ्या गोष्टी मनात इतक्या वेळा फिरवल्या होत्या की आता त्यांत काही नवं निघत नव्हतं. माणूस गेलं की त्याचं बोलणं जेवढं साठलंय तेवढंच. भर पडत नाही. आणि आता असं कळत होतं की मालूची एक गोष्ट अजून शिल्लक आहे, त्याने न ऐकलेली, पण ती काशिरामपाशी आहे. मालू काशिरामकडे गेली असेल. "दादा, आमच्याकडे जमीन खचली, येऊन बघा" असं म्हणाली असेल. तो आला असेल, या जागी बसला असेल, तिने त्याला चहा दिला असेल. ती काय बोलली असेल? "आमच्या माणसाला जमत नाय" असं म्हणाली असेल का?

हे काशिरामला विचारलं की कळलं असतं. पण ते विचारण्यापेक्षा तुळशीरामने छिन्नी उचलली.

दुपारी रंजिता आभाला झोपवायला आत गेली तेव्हा तो स्वयंपाकघरात बसला आणि तुकड्याचा कोपरा फोडायला लागला. कोबा कडक होता. बऱ्याच घावांनंतर वीतभर कोपरा उडाला. खाली विटेचे तुकडे नीट बसवलेले दिसले. काम चांगलं होतं, त्यामुळे त्याला जास्तच राग आला.

रंजिता धावत आली. "बाबा! अख्ख्या घरात एवढीच जमीन सरळ आहे आणि तुम्ही तीच फोडताय?"

त्याने छिन्नी खाली ठेवली.

"मधल्या खोलीपासून करतो," तो म्हणाला. "सगळी जमीन मीच करतो. कोणाला बोलवायचं नाय."

दुसऱ्या दिवशी त्याने काम काढलं. वयाच्या बासष्टाव्या वर्षी. लोखंडी सळईने ठोकून ठोकून मधली खोली तपासली. जिथे आवाज पोकळ आला तिथे खडूने गोल काढले. ते भाग फोडले, खाली खडी कुटून भरली, बाकी जुन्या कोब्याला टाचे मारले म्हणजे नवा माल धरेल, धूळ काढली, पाणी मारलं. इथपर्यंत हात बरोबर चालत होते. मग लेव्हल घ्यायची वेळ आली. त्याची लेव्हल म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी, पाण्याने भरलेली. एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला. दोन्हीकडचं पाणी एका उंचीवर थांबतं, तिथे खूण करायची. नळी भरल्यावर पहिलं काम म्हणजे आत हवेचा बुडबुडा आहे का ते बघायचं. बुडबुडा असला की पाणी खोटं बोलतं. हे त्याने आयुष्यभर हाताखालच्या माणसांना ओरडून ओरडून सांगितलं होतं.

त्या दिवशी त्याने बघितलं नाही. नळीचं एक टोक रंजिताने धरलं होतं आणि त्याच्या डोळ्यांसमोर काशिराम स्वयंपाकघरात बसून चहा पीत होता.

माल टाकला, पाट्याने ओढला, गुळगुळीत केला, एकेक रेघ मारली. आठ दिवस पाणी घालून ओला ठेवला. मुलगा प्रितम कामावरून आला की म्हणायचा, "बाबा, भारी झालंय." नवव्या दिवशी आभाला वॉकरमध्ये बसवून खोलीच्या मधोमध सोडलं. वॉकर क्षणभर थांबला, आणि मग सावकाश देवाच्या कोपऱ्याकडे निघाला. पूर्वीपेक्षा जरा जास्तच जोरात.

आभा तेवढी खूश होती.

त्या रविवारी प्रितमने वडिलांना न विचारता काशिरामला फोन केला.

काशिराम रिक्षातून आला आणि त्याच्याबरोबर त्याची बायको दमयंतीही उतरली. त्याला साखर निघाल्यापासून ती कामावर डबा घेऊन त्याच्यामागे असायची. खारघरच्या टॉवरमध्ये मोठमोठी कामं घेणारा माणूस, पण रिक्षातून उतरता उतरता बोलणी खात होता.

"गोळी घेतली का?"

"घेतली गो."

"कधी घेतली? डबीत तर हाय ती. मला शेंडी लावता?"

"घेतो ना. पाणी तरी मिळूदे."

तुळशीराम पडवीत उभा राहून बघत होता. कोबा राहिला बाजूला, त्याला त्या गोळीचाच हेवा वाटला. त्याच्याही रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. कपाटावर तारखेप्रमाणे लावून ठेवलेल्या. घेतल्या काय, न घेतल्या काय, कोणी ओरडत नव्हतं. रंजिता विचारायची, पण विचारायची. ओरडायची नाही.

"काय जावईबापू," दमयंती पायरी चढत म्हणाली. तुळशीराम ओव्याचा जावई, म्हणून ती त्याला कायम असंच म्हणायची. "वाळलात की. जेवण जातं ना?"

"जातं."

"कोरडं कोरडं बोलता. सुकट आणलीय, सुनेकडे देते."

काशिरामने पिशवीतून लेसरचं यंत्र काढलं, तिपाईवर बसवलं आणि बटण दाबलं. खोलीच्या चारी भिंतींवर लाल रेघ फिरली. त्याने टेप लावून एकेक ठिकाणी जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. तुळशीराम दारात हाताची घडी घालून उभा होता. मोजून झाल्यावर काशिराम थोडा वेळ टेपच गुंडाळत बसला.

"बोल की," तुळशीराम म्हणाला.

"दाजी, काम सुंदर झालंय. फिनिशिंग तर अजून तुझंच. फक्त... कोपऱ्याला सहा सूत खाली हाय." आठ सुतांचा एक इंच होतो. म्हणजे पाऊण इंच. मग हळूच म्हणाला, "नळीत हवा होती काय?"

काशिराम हसला असता तर तुळशीरामला बरं वाटलं असतं. तो हसला नाही. आपल्या माणसाची चूक झाकावी तसा आवाज खाली आणून विचारलं. तेच जास्त झोंबलं.

"हवा तुझ्या डोक्यात हाय," तुळशीराम म्हणाला. "इकडे ये. स्वयंपाकघरात ये. तुला तुझं काम दाखवतो."

सगळे स्वयंपाकघरात आले. तुळशीरामने बोट दाखवलं. काशिराम गुडघ्यावर बसला, हाताने तुकड्यावरची धूळ सारली, लेसर आत आणून लावला. टेपने चारी कोपरे मोजले. चौथा कोपरा फुटलेला होता, त्याच्याशेजारी मोजलं.

"अर्ध्या सुताचा पण फरक नाय," तो म्हणाला. "कोणी केलं?"

"तूच सांग कोणी केलं. माझ्या पाठीमागे माझ्या घरात कोण येऊन गेलं ते तू सांग."

"मी?" काशिराम बघतच राहिला. "मी तुझ्या घरात थापी लावली नाय कधी. तू पाणी तरी विचारायचास का मला?"

"मग दोन रेघा कोणाच्या? माझ्या बापाच्या?"

काशिरामने कानावरची पेन्सिल काढली आणि दोन रेघांच्या मध्ये आडवी धरली. "दाजी, नीट बघ. माझ्या दोन रेघांत सगळीकडे सारखं अंतर असतं. हे बघ, इथे पेन्सिल मावते. इथे नख पण जात नाय. इथे तर रेघा एकमेकींवर चढल्यात. अशी दोरी मी मारली असती तर उस्तादाने माझ्या पाठीवर मारली असती."

तुळशीराम वाकला. ते खरं होतं. रागाच्या भरात त्याने दोन रेघा बघितल्या होत्या, रेघा कशा आहेत ते बघितलंच नव्हतं. दुसरी चूक. गवंड्याला न शोभणारी.

"मग कोणी..." तो म्हणाला, आणि तेवढ्यात ओट्यापाशी दमयंतीला हसू फुटलं. तिने पदर तोंडावर घेतला, पण खांदे हलत होते. आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, ते काही हसण्याचं नव्हतं.

"तुला काय झालं?" काशिराम म्हणाला.

"दोरी मी मारलीय ती," दमयंती म्हणाली. "माझा हात कापत होता."

कोणाला काही कळेना. दमयंती पाटावर बसली. "वन्संनी आणि मी केलंय हे," ती म्हणाली. वन्सं म्हणजे मालू. "जावईबापू तेव्हा रोह्याला कामाला होते, वीस दिवस. प्रितम शाळेत जायचा. वन्सं आली माझ्याकडे आणि म्हणाली, दमू, पिंप डगडगतंय, तांदूळ काढायला गेले की अंगावर येतंय. चल, आपण करू. मी म्हटलं, यांना सांगते. तर म्हणाली, नको. गवंड्यांना सांगून बघितलंय मी."

"मला कधी सांगितलं?" तुळशीराम म्हणाला.

"तीनदा सांगितलं. तुमी काय म्हणालात ते पण सांगू? म्हणालात, मालू, जमीन सरळ हाय, तुझीच नजर वाकडी."

तुळशीरामला आठवलं. म्हणाला होता. अगदी याच शब्दांत. पाहुण्यांसमोर म्हणाला होता आणि सगळे हसले होते, मालूसुद्धा.

"मग?" रंजिताने विचारलं.

"मग काय. हे दुपारी झोपले तशी यांची थापी, पाटा आणि दोरी पिशवीत घातली..."

"माझी थापी?" काशिराम म्हणाला.

"मग काय लाटण्याने करणार? तुमचं काम एवढी वर्षं बघत होते, तेवढं येतंच. वन्सं तर लग्न झाल्यावर चार वर्षं जावईबापूंच्या हाताखाली घमेली उचलत होती, तिला सगळं माहीत. खचलेलं सगळं फोडून काढलं. माल तिने कालवला. लेव्हलला नळी नव्हती, तर दोन बाजूंना लाकडी पट्ट्या लावल्या, त्यांच्यावर फळी, फळीवर ताट आणि ताटात पाणी. पाणी ज्या बाजूला जाईल तिकडची पट्टी उचलायची. अख्खी दुपार आमी त्या ताटात बघत बसलो. दोरी मी मारली. मला यांचीच दोन रेघांची माहीत, मग तशीच मारली."

"आणि मला बोलली नायस," काशिराम म्हणाला. "सोळा-सतरा वर्षं!"

"तुमाला बोलले असते तर तुमी उठून बघायला आला असता. आणि मग म्हणाला असता, दोरी वाकडी हाय."

प्रितम हसला, रंजिताही हसली. तुळशीराम हसला नाही. त्याची आग विझली नव्हती, नुसती जागा बदलत होती. काशिरामपासून सुटली आणि दमयंतीवर जाऊन बसली. म्हणजे गोष्ट हिच्याकडे होती. ती दुपार, ते ताट, मालूचं बोलणं, सगळं. ही सणावाराला यायची, दोघी स्वयंपाकघरात बसून खिदळायच्या, आणि तो पडवीतून ओरडायचा, "चहा मिळेल का आज?"

"मला का नाय सांगितलं तिने?" त्याने विचारलं.

दमयंतीने रंजिताकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "आठ दिवसांनी पिंपं ठेवली वर. मी म्हटलं, वन्सं, आता जावईबापूंना सांग. तर म्हणाली, नाय सांगणार. एवढा मोठा कारागीर, बघू किती दिवसांत कळतंय. आमी आठ दिवस धरले होते. मग म्हणाली, दिवाळीपर्यंत कळेल. मग मी आले की ती डोळ्याने पिंप दाखवायची आणि मान हलवायची. अजून नाय म्हणून. गेल्या गणपतीत पण हलवली."

गेल्या गणपतीत. म्हणजे जायच्या दोन महिने आधी.

तुळशीराम त्या तुकड्यापाशी खाली बसला. फुटलेल्या कोपऱ्यावरून त्याने बोट फिरवलं. आतल्या विटा दिसत होत्या, एकीला एक लावून बसवलेल्या. हे मालूने बसवलं होतं, आणि तो छिन्नी मारताना चांगलं काम आहे म्हणून चिडला होता.

काशिराम उगाचच खाकरला. कामाचं बोलणं बरं, म्हणून कामाचं बोलला. "दाजी, आता दोन रस्ते. हा तुकडा घरात सगळ्यात उंच हाय. एक तर हा काढायचा आणि सगळं खालच्या लेव्हलने करायचं. नायतर हा धरायचा आणि अख्खं घर याच्याबरोबर आणायचं. मग मधल्या खोलीत दीड इंच चढवावं लागेल, तुझा नवा कोबा पण टाचावा लागेल. दारं खालून कापावी लागतील."

"कापू," तुळशीराम म्हणाला.

"सगळी?"

"सगळी. हा हलवायचा नाय."

काशिरामने मान डोलावली आणि थापी उचलली. "मग हा कोपरा आधी भरून घेतो, म्हणजे..."

"ठेव खाली."

"अरे, माल कालवायला..."

"माल कालव. बाहेर कालव. इथे हात लावायचा नाय. ज्यांनी केलंय ते करतील."

"आणि मी ओव्यावरून इथे घमेली उचलायला आलोय?" काशिराम म्हणाला. "गावात कळलं तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बायकोच्या हाताखाली लागला," दमयंती म्हणाली. "जा आता. आधी गोळी घ्या, मग सिमेंट घ्या."

काशिराम बडबडत मागच्या अंगणात गेला. प्रितम त्याच्यामागे गेला. रंजिताने आभाला कडेवर घेतलं. अर्ध्या तासाने माल आला. मालूच्या जागी तुळशीराम बसला. त्याने कोपरा ओला केला, माल भरला आणि थापीने दाबून सरळ केला. त्याचा हात घाई करत नव्हता. मग त्याने दोरीचं एक टोक दमयंतीकडे दिलं.

"मला जमायचं नाय सरळ," ती म्हणाली.

"सरळ नको. होती तशी मारा."

दोघं समोरासमोर बसली. दमयंतीने दोरी ओल्या सिमेंटवर टेकवली.

"अजून काय म्हणाली ती?" तुळशीरामने विचारलं. "त्या दुपारी. पहिल्यापासून सांगा. घरातून निघालात तेव्हापासून."

"सांगते. आधी दोरी ताणून धरा."

त्याने धरली. दमयंती सांगायला लागली. मालूने कुठली साडी नेसली होती, वाटेत कोण भेटलं, पिशवीतली थापी बघून कोणी विचारलं तर काय सांगायचं ते दोघींनी कसं ठरवलं होतं.

मागच्या दारात काशिराम रिकामं घमेलं घेऊन उभा राहिला. "काय, काय? वाटेत कोण भेटलं? जरा मोठ्याने बोल, मला ऐकू येत नाय इथे."

तुळशीरामने मान वर केली नाही.

"हळू बोला, वहिनी," तो म्हणाला.